तिसऱ्या माळेला तोंडून गेलेलं वाक्य

हे लिहायला घेतलं आणि तीनदा वही मिटून ठेवली. असे अनुभव मी स्वतः पुष्कळ वाचलेत, आणि त्यात लिहिणारा माणूस शेवटी चांगलाच निघतो. मी तसा निघत नाही. देवीची माझ्यावर कृपा झाली याबद्दल मला शंका नाही. पण त्या कृपेच्या नावावर मी माझ्या मुलीचं जे नुकसान केलं, ते सांगितल्याशिवाय नुसती कृपा सांगणं म्हणजे पुन्हा खोटंच बोलणं. म्हणून दोन्ही सांगतो.

मी नाशिकला सिडकोत राहतो, सातपूरच्या एका कंपनीत लेथवर कामाला आहे. चौदा वर्षं प्यायलो. आधी पगाराच्या दिवशी, मग दर शनिवारी, मग आज उकडतंय म्हणून आणि उद्या गारठा पडलाय म्हणून. शेवटची दोन वर्षं तर सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय हात स्थिर व्हायचा नाही, आणि माझं काम केसाएवढ्या मापाचं. बायको मंगल आधी भांडली, मग रडली, मग गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हा मला वाटलं, चला, हिला सवय झाली. इतका मी कोडगा.

आमच्याकडे एक पद्धत आहे. नवरात्रात घट बसले की पिणाऱ्याने नऊ दिवस बाटलीला शिवायचं नाही. आमच्या लाइनीतले अट्टल बेवडेसुद्धा हे पाळतात आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सगळा वचपा काढतात. मीही पाळायचो, म्हणजे पाळल्याचं नाटक करायचो. बाहेर जाऊन घ्यायची, बडीशेप चघळायची, आणि आरतीला पुढे उभं राहायचं. दोन वर्षांपूर्वी मात्र मंगलने घटाला हात लावून शपथ घ्यायला लावली, तीही नऊ दिवसांची नाही, कायमची. कारण आमची मुलगी तेजू. ती तेव्हा बारावीत होती आणि तीन वर्षं गंगापूर धरणाच्या पाण्यावर रोइंग करत होती. पुण्याच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती, दिवाळीनंतर जायचं होतं. आमच्या सात पिढ्यांत कोणी नाव वल्हवली नव्हती, आणि ही पोरगी पहाटे उठून मैत्रिणीच्या वडिलांच्या गाडीतून धरणावर जायची, परत येऊन कॉलेज करायची. मंगल म्हणाली, "पोरीचं एवढं चांगलं चाललंय. तिच्यासाठी तरी सोडा आता."

मी सोडली. आणि खरं सांगतो, त्या वेळी मनापासून सोडली. चौदा वर्षांची दारू एका सकाळी बंद. ती अशी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, आधी डॉक्टरला विचारायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. देवीला विचारलं होतं ना, मग डॉक्टर कशाला, अशी माझी अक्कल.

नवरात्रात घटावर रोज एक फुलांची माळ चढते, म्हणून आम्ही दिवसही माळेनेच मोजतो. दुसऱ्या माळेला माझे हात थरथरायला लागले. अंगातून घामाच्या धारा, पोटात काही ठरेना, डोळ्याला डोळा लागेना. मंगल म्हणाली, "विष बाहेर पडतंय, पडू द्या." तिसऱ्या माळेला संध्याकाळच्या आरतीला शेजारच्या बायका जमल्या होत्या. घंटा, टाळ्या, कापराचा धूर. आणि मला दिसलं की दारातून पाणी आत येतंय. खोटं वाटत नव्हतं हो, चक्क पाणी. फरशीवरून सरकत आलं, भिंतीवर चढलं. दारात तेजू आरतीचं ताट घेऊन उभी, आणि पाणी तिच्या कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत. माझं सगळं अंग हलत होतं. मी ओरडलो, "पोरीला पाण्यात घालू नका! घालाल तर परत मिळायची नाही!"

आरती थांबली. कोणीतरी म्हणालं, "अगं बाई, अंगात आलं!" झालं. कपाळभर कुंकू फासलं गेलं, पायांवर पाणी पडलं, बायका एकेक करून वाकायला लागल्या. मंगल हात जोडून समोर बसली आणि रडत विचारायला लागली, "आई, काय चुकलं आमचं? पोरीला पाण्याचा घात आहे का?" मी म्हणे मान हलवत होतो. अंगच हलत होतं तर मान कशी थांबणार?

शेजारच्या सुमनकाकूंकडे त्यांची मनमाडची मावशी पाहुणी आली होती. साठीच्या पुढची बाई, उभा जन्म दवाखान्यात आया म्हणून गेलेला. सगळ्यांसारखीच तीही पाया पडायला वाकली, आणि माझ्या पायाला हात लागताच तिथंच थांबली. मग तिने माझी मान चाचपली, डोळे बघितले आणि मंगलला एकच विचारलं, "यांनी दारू कधी बंद केली?"

"घट बसले त्या दिवशी."

"मग ही देवी नाही गं बाई, दारू उतरतीये. माणूस मरल तुझा. रिक्षा बोलवा."

बायका चिडल्या. देवी अंगात असताना असं बोलायचं? सुमनकाकूंनी तर कानांवर हात ठेवले. मावशी कुणाचं ऐकायची नाही. म्हणाली, "देवी कुठं पळून चाललीये का? तिची माफी मी मागते उद्या. रिक्षा आणा आधी." रिक्षात मला झटका आला. माझं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि माझा श्वास अडकू नये म्हणून ती मला कुशीवर धरून बसली होती, हे मला मागाहून कळलं. दुसऱ्या दिवशी ती मनमाडला गेली. त्यानंतर आमची भेट नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी मी पूर्ण भानावर आलो. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या, पण खुर्ची ओढून समोर बसल्या आणि शांतपणे समजावून सांगितलं. म्हणाल्या, "काका, दारू मेंदूला ब्रेक लावते. तुम्ही रोज ब्रेक दाबत होतात, म्हणून गाडी चालती ठेवायला मेंदू चौदा वर्षं ॲक्सिलरेटर वाढवत गेला. तुम्ही ब्रेकवरचा पाय एकदम काढलात. मग गाडी सुसाट सुटणारच. थरथर, झटका, नसलेलं दिसणं, सगळं त्यातलंच." मी विचारलं, "आणि ते पाणी?" त्या म्हणाल्या, "तेही. कोणाला मुंग्या दिसतात, कोणाला माणसं. तुम्हाला पाणी दिसलं."

म्हणजे त्या सकाळी मला कळलं होतं. हे मी मुद्दाम ठळक करून लिहितोय, कारण पुढचं सगळं यावर आहे. मला कळलं होतं.

त्याच दिवशी दुपारी तेजू आली. मंगलने तिचं शिबिराचं नाव काढायला लावलं होतं. देवीनेच सांगितलं, पोरीला पाण्यात घालू नका, मग कोणती आई घालेल? कॉलनीतही तसंच ठरलं होतं. मला झटका का आला, तर देवीचं तेज माझ्या अंगाला झेपलं नाही. मनमाडच्या मावशीचं म्हणणं केव्हाच मागे पडलं होतं. तेजू माझ्या खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा ना आईला. तुम्ही सांगितलं तर ऐकेल ती. अजून दोन दिवस आहेत नाव घालायला."

एक वाक्य बोलायचं होतं. 'ते आजारपणातलं बडबडणं होतं,' एवढंच. पण मी असा विचार केला की देवी खोटी ठरली, तर माझं सोडणंही खोटं ठरेल. घरी गेल्यावर मला पुन्हा सगळे बेवडाच म्हणतील, आणि मग मी पुन्हा पिईन. अंगात देवी येऊन गेलेला माणूस म्हणून मला पहिल्यांदा इज्जत मिळाली होती, तीही जाईल. मी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणालो, "आई म्हणते तसं कर." तिने माझ्या उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवली आणि गेली. एकदासुद्धा रडली नाही. रडली असती तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत आलोय. तेही खरं नसावं.

घरी आलो. गोळ्या होत्या, इंजेक्शनं होती, दर पंधरा दिवसांनी दवाखाना होता. दारूची तहान मारायची माझी तयारी होती. पण झालं ते वेगळंच. मला काहीच वाटेनासं झालं. रविवारची मिसळ पुढे आली तर नुसतं तिखट लागायचं, मजा नाही. कंपनीत साहेबांनी पाठ थोपटली, तर वाटलं, बरं. देवापुढे बसलो तर समोर पितळेची मूर्ती आणि मी. पिऊन आरतीला उभा राहायचो तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं, आणि आता शुद्धीत हात जोडतोय तर आत सगळं कोरडं ठाक. मी मनात म्हणायचो, आई, चोराला भेटत होतीस, आता साव झालो तर तोंड फिरवतेस होय?

डॉक्टरांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आनंद पोचवणारं एक रसायन असतं मेंदूत, डोपामिन. दारूने ते इतकी वर्षं वारेमाप उधळलं, की मेंदूने कंटाळून ते घेणारी दारंच कमी करून टाकली. आता साधा आनंद येतो, पण उघडायला दार नाही. दारं पुन्हा तयार होतात काका, पण महिने लागतात, कधी वर्ष. तोवर धीर धरा. आणि काहीच वाटत नाही म्हणून प्यायला जाऊ नका, बहुतेक जण तिथंच घसरतात." मी त्या बाईंचा ऋणी आहे. कितीदा कंपनीतून सुटल्यावर पाय दुकानाकडे वळले आणि त्यांचं बोलणं आठवून मी परत फिरलो.

पण एक गोष्ट मी डॉक्टरांनाही सांगितली नाही. त्या मुर्दाड महिन्यांत मला एकाच वेळी थोडं बरं वाटायचं. मंगळवारी शेजारपाजारच्या बायका नारळ घेऊन यायच्या, मला वाकून नमस्कार करायच्या आणि मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचो, तेव्हा. अंगात आल्याचं ढोंग मी केलं नाही, एवढीच माझी सभ्यता. हात मात्र ठेवत राहिलो. आत कुठंतरी किंचित हलायचं, पहिल्या घोटाला हलायचं तसं. आता लक्षात येतं, बाटली बदलली होती, पिणारा तोच होता.

आणि त्याच घरात तेजू अभ्यास करत होती, जेवत होती, विचारलं तेवढं बोलत होती. पहाटेचा गजर बंद झाला होता. तो कधी बंद झाला, मला आठवत नाही. मेंदूत दारं कमी झाल्यामुळे आनंद आत येत नव्हता हे कबूल, पण पोरीचं दुःखही आत येत नव्हतं. ते मेंदूवर ढकलायला मला लाज वाटते.

चैत्रात आम्ही सप्तशृंगीच्या गडावर गेलो. तेजूची परीक्षा झाली होती, सुमनकाकूही बरोबर होत्या. मी देवीला जाब विचारायला चाललो होतो, असंच म्हणा. सहा महिने एक थेंब घेतला नाही, मग माझा आनंद कुठे ठेवलास? पायऱ्यांवर खानदेशच्या भाविकांची ही गर्दी. रांग हलत नव्हती. सुमनकाकूंना गप्प बसवत नाही. त्यांनी पुढच्या बाईला सांगून टाकलं, "यांच्या अंगात आली होती आई. चौदा वर्षांची दारू एका दिवसात गेली."

ती बाई सटाण्याकडची. तिने वळून माझे पाय धरले, भर पायरीवर. "दादा, मना पोऱ्या बी पेस," म्हणाली. तिचा मुलगाही पितो. दहा दिवसांपूर्वी त्याला दवाखान्यात नेऊन सोडायला लावली होती आणि गोळ्या चालू होत्या. पण तिला कोणी सांगितलं होतं की गोळ्या खाणं म्हणजे देवीवर भरवसा नसणं. ती तेवढंच विचारायला गडावर आली होती. गोळ्या फेकून द्यायच्या का? माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही हो म्हणा, घरी जाऊन फेकते. तुमच्या तोंडून म्हणजे आईच्याच तोंडून.

माझ्या एका बाजूला मंगल होती, मागे तेजू. त्या बाईचे हात माझ्या पावलांवर होते आणि पहिल्यांदाच मला ते नको झाले. मला तो तिचा मुलगा दिसला, न पाहिलेला. त्याच्या घरातलं पाणी दिसलं. मी खाली बसलो आणि तिचे हात सोडवले. म्हणालो, "माउली, माझ्या अंगात देवी आली नव्हती. ते आजारपण होतं. एकदम बंद केल्यामुळे झालेलं. मी मरता मरता वाचलो, ते डॉक्टरांनी वाचवलं. गोळ्या फेकू नका. देवीची आण आहे तुम्हाला, एकसुद्धा चुकवू नका."

सुमनकाकू "अहो, काय बोलताय!" म्हणत राहिल्या. मागून तेजूचा आवाज आला, अगदी हळू. "बाबा, पाण्याचं पण?"

"पाण्याचं पण."

"कधी कळलं तुम्हाला?"

"तू दवाखान्यात आलीस ना, त्या सकाळी."

तिने रांग सोडली आणि पायऱ्या उतरायला लागली. मी तिच्यामागे जाऊ शकलो नाही, कारण मला हुंदका फुटला होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटत होतं, आणि काय ते वाटणं! छातीत कोणीतरी आडवा रूळ घातल्यासारखं. मी त्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. सटाण्याची ती बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. आई, मी आनंद मागायला आलो होतो, आणि तू मला आधी पश्चात्ताप दिलास. गाभाऱ्यात पोचलो तेव्हा मान किंचित कलती करून, कान देऊन ऐकत असल्यासारखी देवी उभी होती. जाब विचारायचा होता तो विचारायला तोंडच राहिलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मंगल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी तरी काय दूधखुळी होते का? दवाखान्यात डॉक्टर मलाही बोलल्या होत्या. पण देवीने सोडवलीये असं वाटलं तरच मला झोप लागायची." आम्ही दोघांनी मिळून ते केलं होतं, आणि भरलं पोरीने. ती पुढच्या सीटवर मैलभर लांब असल्यासारखी बसली होती.

पुढच्याच रविवारी मी तिच्या रोइंगच्या सरांना भेटलो. हातापाया पडलो. सर भले माणूस, म्हणाले, शिबिर तर गेलं, पण ये म्हणा, पुन्हा सुरुवात करू. घरी येऊन तेजूला सांगितलं, आता जा, मी स्वतः सोडायला येतो. ती बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत बसली. मग म्हणाली, "बाबा, मी मध्ये दोनदा जाऊन आले, तुम्हाला न सांगता. नाव पाण्यात घातली की मला तुमचा आवाज ऐकू येतो. खोटं आहे ते माहितेय मला. पण माझे हातच चालत नाहीत. मला आता पाण्याची भीती वाटते."

याच्यापुढे मला सांगण्यासारखं फार नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, भीतीही मेंदूत तशीच वाट करून बसते आणि तशीच हळूहळू जाते, घाई करून नाही. माझा मेंदू दुरुस्त होत होता तेव्हा तिच्या मेंदूत मी हे पेरत होतो. मला आता मिसळ आवडते, सकाळचं ऊन आवडतं, देवापुढे बसलो की बसावंसं वाटतं. दोन वर्षं होत आली, एक थेंब नाही. माझी दारं देवीने एकेक करून उघडून दिली, आणि प्रत्येक दार उघडलं की पहिल्यांदा तेजूच दिसते. मनमाडच्या मावशीला, त्या डॉक्टरांना, सटाण्याच्या माउलीला मी रोज मनातून नमस्कार करतो. देवी अंगात येते की नाही, या वादात मी पडत नाही. मला ती भेटली ती माझ्या अंगाबाहेरच, आणि दर वेळी मला खोटं पाडूनच.

दर रविवारी तेजू आणि मी धरणावर जातो. तिची स्वतःची अट आहे की कोणी तिला काही म्हणायचं नाही. सुरुवातीला ती गाडीवरूनच उतरायची नाही. मग काठापासून लांब दगडावर बसायला लागली. मी शेजारी बसतो, शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवतो. पूर्वी मी बसल्या बसल्या देवीला गळ घालायचो, माझं काहीही घे पण हिची भीती काढ. आता तेही सोडलं. जे माझ्या हाताने बिघडलं ते माझ्या सोयीने दुरुस्त व्हावं, हा हट्ट कशाला?

गेल्या रविवारी तिने चपला काढल्या. सलवार दुमडली आणि एकटीच पुढे गेली, घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. सलवारीच्या घड्या मुठींत घट्ट धरल्या होत्या, लांबून दिसत होतं. मी उठलो नाही. पाच-सात मिनिटं झाली असतील. मग ती न वळताच म्हणाली, "बाबा, काही बोलू नका हं."

मी बोललो नाही.